डबा झाकून जेवणारा मुलगा



गेल्या हिवाळ्यात धर्मशिक्षणाच्या मुलांची सहल समुद्रकिनारी गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. दुपारी सुरूच्या बनात सगळे गोल करून बसले आणि डबे उघडले गेले. सँडविच, पुलाव, कटलेट, कुणाच्या डब्यात आदल्या दिवशीच्या मेजवानीतले चिकन. एक नऊ-दहा वर्षांचा मुलगा मात्र जरा बाजूला सरकून, डाव्या हाताने डब्यावर झाकण अर्धे धरूनच जेवत होता. हायवेपलीकडच्या पाड्यावरून येणारे हे कुटुंब. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील बांधकामावर जातात. डब्यात नाचणीची भाकरी आणि जवळ्याची चटणी होती. शेजारच्या मुलीने वाकून पाहिले आणि ती ओरडली, "अय्या, काळी भाकरी!" दहा-बारा मुले हसली. टीचर रागावल्या, मुले गप्प झाली, खेळ सुरू झाले. आम्हा मोठ्यांच्या मते प्रकरण तिथेच मिटले.

ते मिटले नव्हते. पुढच्या रविवारपासून वर्गाला येताना त्या मुलाच्या हातात पाच रुपयांचे वेफर्सचे पाकीट दिसू लागले. भाकरीला तो घरीही हात लावत नाही, असे कानावर आले. टीचर त्याच्या घरी गेल्या. नाचणी किती पौष्टिक असते, वेफर्सने कसे नुकसान होते, हे सगळे त्यांनी आईला समजावून सांगितले. आईने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "टीचर, नाचणी चांगली ते मला काय म्हायत नाय? आमी तिच्यावरच वाढलो. पण पोराला हसतात. तो उपाशी राहील, पण डबा उघडणार नाय. मंग मी काय करू? पाच रुपये देते नि गप बसते."

टीचरनी हे आम्हाला सभेत सांगितले तेव्हा कोणालाच काही बोलता आले नाही. म्हणून हा प्रश्न या रविवारी आपल्यापुढे ठेवत आहोत. गरिबाच्या ताटात काय पडते, याची जबाबदारी कोणाची? त्याची एकट्याची, की त्याच्याभोवती बसलेल्या सगळ्यांची?

आपल्याकडे या प्रश्नाचे एक तयार उत्तर असते. गरिबांना कळत नाही. त्यांना चांगले-वाईट समजावून सांगितले की झाले. आम्हीही याच समजुतीने दोन वर्षांपूर्वी सकाळच्या मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये 'सकस आहार' या विषयावर एका डॉक्टरांचे व्याख्यान ठेवले होते. व्याख्यान उत्तम झाले. दर माणसाने दिवसाला निदान ४०० ग्रॅम भाज्या आणि फळे खावीत, मीठ पाच ग्रॅमच्या आत ठेवावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, हे डॉक्टरांनी चित्रे दाखवून पटवून दिले. शेवटी प्रश्न विचारा म्हटल्यावर मागच्या बाकावरची एक बाई उठली. तिने विचारले, "आम्ही घरात पाच माणसं. म्हणजे रोज दोन किलो झाली. रोज दोन किलो भाजी मी कुठून आणू?"

हॉलमध्ये हशा पिकला. तिचा हिशोब मात्र अगदी बरोबर होता. त्यानंतर चहा घेताना ती जे बोलली ते व्याख्यानापेक्षा आम्हाला जास्त शिकवून गेले. ती म्हणाली, भाजीवाली उधार देत नाही, वाणी देतो. आपल्यापैकी किती जणांनी याचा कधी विचार केला आहे? ज्याची मजुरी रोज मिळेलच असे नाही, त्याचे घर वाण्याच्या वहीवर चालते. त्या वहीत तेल, साखर, चहापत्ती, बिस्किटे, नूडल्स, फरसाण लिहिले जाते. मेथीची जुडी त्या वहीत लिहिली जात नाही. ती रोखीने घ्यावी लागते आणि आजची आजच संपवावी लागते, कारण घरात फ्रीज नाही. महिन्याच्या अखेरीस हातात रोकड नसते तेव्हा घरातले जेवण वहीतून येते. मग आपण म्हणतो, ही माणसे पोरांना बिस्किटांवर वाढवतात.

वेळेचेही तेच. पहाटेची लोकल पकडून घरकामाला जाणारी बाई संध्याकाळी सातला दहा बाय दहाच्या खोलीत परतते. डाळ शिजायला वेळ लागतो, गॅस लागतो, आणि सिलिंडर किती दिवस पुरवायचा हे तिने आधीच मनाशी ठरवलेले असते. नाक्यावर १५-२० रुपयांत वडापाव तयार मिळतो. गरम असतो, पोट भरतो, मुले खूश होतात. मुंबईत १९६० च्या दशकात कामगारांसाठी सुरू झालेला हा पदार्थ, जिथे माणसाला बसून जेवायला वेळ नाही तिथे पसरत गेला, यात नवल ते काय.

सरकार काहीच करत नाही असे म्हणता येणार नाही. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दरमाणशी महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क दिला आणि जानेवारी २०२३ पासून ते धान्य फुकट मिळते. त्यामुळे चूल पेटते, हे मोठेच काम आहे. पण ते तांदूळ आणि गहू. त्यांच्याबरोबर काय खायचे, हे ज्याने त्याने पाहावे. २०२२ च्या दिवाळीत राज्य सरकारने शंभर रुपयांत 'आनंदाचा शिधा' दिला. त्यात रवा, साखर, चणाडाळ प्रत्येकी एक किलो आणि एक लिटर पामतेल होते. सणाला गोड हवेच, त्याला आम्ही नावे ठेवणार नाही. शाळेच्या दुपारच्या जेवणात आठवड्यातून एकदा अंडे, न खाणाऱ्यांना केळे, असा निर्णय नोव्हेंबर २०२३ मध्ये झाला. त्याला विरोध करणारेही उभे राहिले. जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी लोकवर्गणीतून पाहावे, असा आदेश निघाला. ज्या मुलाच्या घरी महिन्यातून दोनदाही अंडे फुटत नाही, त्याच्या ताटातले अंडे काढायचे की ठेवायचे याची चर्चा, घरी रोज अंडे खाऊ शकणाऱ्या किंवा मुळीच न खाणाऱ्या मोठ्यांनी केली.

पाहणीचे आकडे थोडक्यात सांगतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली आढळली. १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांच्या अंगात पुरेसे रक्त नव्हते. त्याच पाहणीत देशातल्या २४ टक्के स्त्रियांचे वजन प्रमाणाबाहेर होते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाप्रमाणे देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. एकाच चाळीत, कधी एकाच घरात, मूल हडकुळे आणि आईला साखरेचा आजार, हे चित्र आपल्या भगिनी घरभेटीला जातात तेव्हा त्यांना नेहमी दिसते. आणि स्त्रियांच्या रक्ताचा प्रश्न केवळ पैशाचा नाही. घरात शेवटी कोण जेवते? रस्सा आधी कोणाला, मासळीचा तुकडा कोणाला, आणि खरवड कोणाला? हे पाड्यावर घडते आणि आपल्या वाडीतल्या बंगल्यांतही घडते. इथे आम्ही जास्त बोलत नाही, ज्याने त्याने आज दुपारी आपल्याच घरात पाहावे.

पण आम्हाला खरे बोलायचे आहे ते नजरेबद्दल.

माणूस पोटासाठी खातो हे अर्धे सत्य आहे. माणूस चारचौघांत मान राहावा म्हणूनही खातो, आणि खाऊ घालतो. चाळीत दारे उघडी असतात, कोणाकडे काय शिजते ते सगळ्यांना ठाऊक असते. पाहुणा आला की कोकम सरबत पुढे करायला लाज वाटते, मूल दुकानात पळते आणि रंगीत थंड पेयाची बाटली येते. तीन वर्षांपूर्वी एका वडिलांनी मुलीच्या पहिल्या कम्युनियनसाठी व्याजाने पैसे काढले. आमच्यातल्या एकाने त्यांना हटकले, तेव्हा ते म्हणाले, "लोकांना बोलावून डाळभात वाढू का?" त्या जेवणाला आपल्यापैकी बरेच जण गेले होते. आम्हीही होतो. बिर्याणी चांगली झाली होती, असे आम्ही त्यांना हात धुता धुता सांगितले. वर्षभर ते कर्ज फेडताना त्या घरात काय शिजले, हे विचारायला कोणी गेले नाही.

खादाडपणा हे सात मूळ पापांपैकी एक आहे आणि संयम हा मुख्य सद्‌गुणांपैकी एक, हे आपण लहानपणी पाठ केले. मग वाईट खाणे हे पाप आहे का? सहाव्या शतकातले पोप संत ग्रेगरी आणि त्यांच्या मागोमाग तेराव्या शतकातले संत थॉमस अक्वायनस यांनी खादाडपणाचे पाच प्रकार सांगितले आहेत. वेळेआधी खाणे, फार महागडे खाणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशासारखे खाणे आणि फार चोखंदळपणे खाणे. या पाचांत महागडे आणि चोखंदळ हे दोन प्रकार गरिबाच्या आवाक्यातलेच नाहीत. तरी खादाडपणाचा विषय निघाला की आपल्याला नाक्यावर भजी खाणारा मजूर आठवतो, लग्नाच्या बुफेसमोर तिसऱ्यांदा उभे राहिलेलो आपण आठवत नाही.

कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ (परिच्छेद १७३५) सांगतो की अज्ञान, दबाव, भीती, सवय आणि सामाजिक कारणे यांमुळे माणसाच्या कृतीची जबाबदारी कमी होऊ शकते, कधी उरतही नाही. म्हणजे त्या आईने पाच रुपये काढून दिले त्याचा दोष फार तर थोडासा तिचा. पण जबाबदारी अशी कमी झाली, तर ती गेली कुठे? पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८४ साली सामाजिक पापाविषयी लिहिताना स्पष्ट केले की समाजाचे पाप म्हणजे हवेत तरंगणारी वस्तू नव्हे, ते पुष्कळ माणसांच्या व्यक्तिगत पापांच्या साठ्यातून तयार होते, आणि जे पाहून गप्प बसतात त्यांचाही त्यात वाटा असतो. त्या सहलीत हसलेल्या मुलीला आपण पापी म्हणणार नाही. ती आठ वर्षांची आहे. मात्र नाचणीची भाकरी हसण्यासारखी असते हे ती कुठे शिकली? तिच्या घरी, आपल्याच घरांसारख्या एका घरी.

इथे एक सावधगिरी बाळगायला हवी. सगळे परिस्थितीवर ढकलून गरिबाला कळसूत्री बाहुली समजणे, हाही अपमानच आहे. आपल्या पाड्यांवरच्या कितीतरी आया तुटपुंज्या पैशांत जे करतात ते आपल्याला जमणार नाही. पाऊस पडला की टाकळा, कुर्डू, शेवळी, भारंगी, करटोली यांचा माग त्या रानात काढतात. शेवग्याचा पाला, मूठभर सुकट, अंगणातली मिरची एवढ्यावर चवदार कालवण करतात. शहाणपण त्यांच्याकडे आहेच. गंमत अशी की त्याच बायका सकाळी स्टेशनबाहेर रानभाज्यांच्या जुड्या आपल्याला विकतात आणि संध्याकाळी त्या पैशातून मुलांसाठी बिस्किटे घेऊन जातात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले, तेव्हापासून मॉलमध्ये नाचणीची बिस्किटे आणि नाचणीचे पास्ते दिसू लागले आहेत, आणि आपण ते कौतुकाने घेतो. ज्यांची ती रोजची भाकरी होती त्यांच्या मुलांनी मात्र लाजून ती सोडली.

संत पौलाने करिंथच्या ख्रिस्तसभेला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायातला एक भाग आपण दरवर्षी पवित्र गुरुवारी ऐकतो. प्रभूने भाकर घेतली, मोडली, शिष्यांना दिली. पण वाचन तेविसाव्या ओवीपासून सुरू होते. त्याआधीच्या सहा ओव्या त्या संध्याकाळी वाचल्या जात नाहीत आणि रविवारच्या मिस्सेतही त्या कधी येत नाहीत. घरी गेल्यावर त्या जरूर वाचा. तिथे पौल चिडलेला आहे. करिंथमध्ये प्रभुभोजनाबरोबर प्रत्यक्ष जेवणही होत असे. ज्यांना सवड होती ते आधी येत, आपापले आणलेले खाऊन पिऊन घेत. कामकरी आणि गुलाम दिवसाचे काम संपवून येत तोवर काही उरलेले नसे. एक उपाशी, दुसरा प्यायलेला. यावर पौल त्यांना काय शिकवतो? आहारशास्त्र नव्हे. उशिरा येणाऱ्यांनी लवकर यावे असेही नाही. तो खाणाऱ्यांना विचारतो की ज्यांच्याकडे काही नाही त्यांना तुम्ही लाजवता काय? आणि यालाच तो ख्रिस्तसभेचा अवमान म्हणतो. ख्रिस्तप्रसादाची स्थापना आपल्याला पौलाने सांगितली ती या भांडणाच्या ओघात. आपण भांडण वगळले आणि स्थापना ठेवली.

दुसरी आठवण योहानाच्या शुभवर्तमानातली. पाच हजारांच्या जेवणाची गोष्ट चारही शुभवर्तमानांत आहे, पण त्या मुलाच्या भाकरी जवाच्या होत्या, हे फक्त योहान सांगतो. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य. प्रकटीकरण ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात एकाच नाण्याला गहू एक माप आणि जव तीन मापे, असा भाव दिला आहे. म्हणजे त्या मुलाच्या शिदोरीत गरिबाची भाकरी आणि दोन मासळ्या होत्या. नाचणीची भाकरी आणि जवळा, म्हटले तरी चालेल. अंद्रियाने ती दाखवताना जरा संकोचच केला, एवढ्या लोकांना हे कसे पुरणार म्हणून. प्रभूने ती हातात घेतली आणि आभार मानले. त्या गर्दीत तो मुलगा आपला डबा झाकून बसला असता तर?

आपल्या वसईच्या लोकांना खाण्यावरून हिणवले जाणे नवे नाही. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकून आपल्या पूर्वजांना बाटवले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. ती कितपत खरी, तो प्रश्न वेगळा. पण पाव खाणारे म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांना पंक्तीबाहेर ठेवले गेले आणि ती सल कित्येक घरांत अजून सांगितली जाते. एकाच्या घासाकडे दुसऱ्याने कशा नजरेने पाहिले म्हणजे काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको होते.

आता थोडे आपल्या नाताळच्या पिशवीविषयी, कारण हा सगळा विचार करता करता आम्ही तिथेच येऊन अडलो. दर डिसेंबरात आपल्या धर्मग्रामातर्फे गरजू कुटुंबांना जी पिशवी दिली जाते तिच्यात रवा, मैदा, साखर, तेल, बिस्किटांचे पुडे, नूडल्स आणि एक केक असतो. देणारे मनापासून देतात, हे आम्ही जाणतो. गेल्या सभेत एका सदस्याने सुचवले की नूडल्स आणि बिस्किटे काढून नाचणीचे पीठ, मूग, शेंगदाणे आणि गूळ द्यावा. सगळ्यांनी माना डोलावल्या. इतक्यात एका ज्येष्ठ बाईंनी विचारले, "नाताळच्या दिवशी त्यांना नाचणी आणि आपल्याला केक का?" पुन्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. दोघांचेही म्हणणे खरे होते. एकाला त्या मुलांची हाडे दिसत होती, दुसरीला त्यांचा सण. बराच वेळ वाद झाला. शेवटी आपल्या धर्मभगिनींनी विचारले की ज्यांना ही पिशवी मिळते त्यांना कोणी कधी विचारले आहे का? इतक्या वर्षांत कोणी विचारले नव्हते.

म्हणून सिस्टर आणि महिला मंडळाच्या दोघी जणी दोन आठवडे पाड्यांवर आणि चाळींत फिरल्या. उत्तरे तऱ्हेतऱ्हेची आली. पुष्कळ जणींनी तूरडाळ आणि शेंगदाण्याचे तेल मागितले, अंडी कोणी देत असेल तर फारच बरे, असे म्हणाल्या. केक सगळ्यांनाच हवा होता, एकीने तर मोठा हवा म्हणून सांगितले. एका आजीबाईंनी अर्धा किलो मटण मागितले आणि त्यावर ठाम राहिल्या. नूडल्स नकोत असे तिघीचौघींनी सांगितले, पण मुले रडतील म्हणून पुन्हा यादीत घालायला लावले. नाचणी कोणीही मागितली नाही. ती आम्ही आणतोच, असे दोघी म्हणाल्या.

सहलीतल्या त्या मुलाच्या आईने यादीत काहीच सांगितले नाही. जे द्याल ते चालेल, म्हणाली. फक्त एक गोष्ट करा. पिशवी घेताना फोटो काढू नका, आणि काढलाच तर चर्चच्या कागदात छापू नका. पोराच्या वर्गात सगळ्यांच्या घरी तो कागद जातो.

गेल्या वर्षीचा तो फोटो आम्हीच छापला होता, याच पानावर.